आग्नेयेच्या खिडकीतला रेडिओ

नव्या वस्तूबद्दल गिऱ्हाइकाला पहिल्या आठवड्यात विचारू नये. तेव्हा त्याला वस्तूपेक्षा आपले पैसे सत्कारणी लागले की नाही याचीच काळजी असते, आणि तो स्वतःची समजूत घालत बोलतो. एक पावसाळा जाऊ द्यावा, सेलचा खर्च कळू द्यावा, घरातल्यांनी चार वेळा "आवाज कमी करा" म्हणू द्यावं, आणि मग विचारावं. मिरजेत आमचं रेडिओ-टेपरेकॉर्डरचं दुकान. वडिलांनी सुरू केलं, पुढे मी चालवलं. मर्फी आणि फिलिप्सच्या काळापासून या काउंटरवर माणसांची मतं ऐकली जातायत. पण सगळ्यात खरी मतं मला मिळाली ती वर्ल्डस्पेसच्या उपग्रह रेडिओबद्दल, कारण त्याला वर्गणी होती. वर्ष संपलं की गिऱ्हाईक परत यायचं. एकतर पैसे भरायला, नाहीतर "आता राहू दे" म्हणायला. पंखा किंवा मिक्सर विकणाऱ्याला हे मिळत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० मध्ये अमेरिकेत ही कंपनी काढली. आफ्रिका आणि आशियातल्या ज्या मुलखांत चांगला रेडिओ पोचत नाही तिथे तो थेट उपग्रहावरून पोचवायचा, ही कल्पना. आफ्रिकेसाठी ‘आफ्रिस्टार’ १९९८ मध्ये गेला आणि आपल्यासाठी ‘एशियास्टार’ मार्च २००० मध्ये, फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ अग्निबाणावर. त्याच अग्निबाणात आपला इन्सॅट-३बी उपग्रह सुद्धा होता. पहिले संच हिताची, जेव्हीसी, पॅनासॉनिक आणि सान्यो यांनी बनवले. मिरजेतल्या एका डॉक्टरांनी त्यातला हिताचीचा संच मुंबईहून आणला होता आणि तो बघायला मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो होतो. आमच्या दुकानात हे संच यायला आणखी काही वर्षं गेली. पुढे ए. आर. रहमान यांच्या जाहिराती सुरू झाल्या तेव्हा मागणी वाढली. वर्षाची वर्गणी दोन हजारांच्या आतबाहेर असायची आणि संगीताच्या वाहिन्यांवर जाहिराती नसायच्या.

संच विकणं सोपं होतं. बसवणं हे खरं काम. तळहातापेक्षा थोडी मोठी चपटी अँटेना, तिला एशियास्टार ‘दिसला’ पाहिजे. हा उपग्रह विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर. मिरजेतून बघितलं तर तो पूर्वेकडून थोडा दक्षिणेला, आणि क्षितिज व डोक्यावरचं आकाश यांच्या जवळपास मध्यावर येतो. म्हणजे आग्नेय दिशा आणि अंदाजे पन्नास अंशांचा चढ. होकायंत्र खिशात ठेवून मी घरोघर फिरायचो. संचाच्या पडद्यावर सिग्नलच्या पट्ट्या दिसायच्या. अँटेना बोटभर सरकवायची, पट्ट्या बघायच्या, परत सरकवायची. एकदा जागा सापडली की ती खडूने आखून घ्यायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी झाडलोट करताना ती हलायची आणि फोन यायचा.

आता आपल्याकडच्या घरांत आग्नेयेला काय असतं? स्वयंपाकघर. वास्तूचं बघून बांधलेलं घर असो किंवा जुन्या गवंड्याच्या अंदाजाने बांधलेलं, चूल आग्नेयेला. त्यामुळे झालं असं, की हा रेडिओ घेतला घरातल्या पुरुषाने, बहुतेक वेळा निवृत्तीच्या पैशातून, दिवाणखान्यात आरामखुर्चीशेजारी ठेवायचा म्हणून. पण दिवाणखाना पश्चिमेला किंवा उत्तरेला. तिथे पट्टी उठेना. गच्चीवर अँटेना लावून वायर खाली आणायची तर भिंतीला भोक पाडावं लागे आणि घरमालक किंवा सून दोघांपैकी एक जण नाही म्हणे. शेवटी संच जाऊन बसायचा स्वयंपाकघराच्या खिडकीत, तांदळाच्या डब्याशेजारी.

माझ्या मते या रेडिओबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. तो बायकांच्या हातात गेला. ब्राह्मणपुरीतल्या एका काकूंनी मला स्पष्ट सांगितलं, "ह्यांनी घेतला, ऐकते मी. सकाळी साडेपाचला ओट्याशी उभी राहते ती नऊपर्यंत. तेवढ्या वेळात कुणी मला मध्ये थांबवत नाही, ना गाणं थांबत." त्यांना ‘गंधर्व’ वाहिनी हवी असायची, ती हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची. लग्नाआधी त्या गाणं शिकत होत्या आणि पुढे राहून गेलं, हे मला त्यांच्या यजमानांकडून कळलं. वर्गणी संपायची वेळ आली की यजमान दुकानात येऊन म्हणायचे, "आमच्याकडे विचारणारा मी कोण? भरून घ्या." संच दिवाणखान्यात राहिला त्या घरांतून वर्गणी बंद झालेली मी जास्त पाहिली, स्वयंपाकघरात गेला तिथे ती चालू राहिली. दिवाणखान्यात टीव्ही असतो आणि टीव्हीपुढे रेडिओ टिकत नाही. ओट्यापाशी हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे.

तक्रारींचं म्हणाल तर पहिला नंबर अडथळ्यांचा. या लहरींना सरळ वाट लागते. पाऊस त्यांना फारसा अडवत नाही, आणि याचं कौतुक मी पुष्कळ ऐकलं. जुलैत घरावरची टीव्हीची छत्री चित्र गोठवायची, पण रेडिओ चालू. टीव्हीच्या छत्रीचे सिग्नल कितीतरी वरच्या फ्रिक्वेन्सीचे असतात, त्यांना पावसाचे थेंब शोषून घेतात. वर्ल्डस्पेसचे दीड गिगाहर्ट्‌झच्या आसपासचे, त्यांना थेंबांचं काही वाटत नाही. पण ओल्या पानांनी भरलेलं झाड समोर असेल तर मात्र संपलं. उन्हाळ्यात बसवलेला संच श्रावणात अडखळायला लागला की मी आधी विचारायचो, "खिडकीसमोर काय आहे?" उत्तर ठरलेलं: चिंच, नाहीतर कडुनिंब. एका गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याने दुसरा मजला चढवला आणि गिऱ्हाइकाचा उपग्रह कायमचा गेला. शेजाऱ्याशी भांडण आधीपासूनच होतं, त्यात हे एक कलम वाढलं.

दुसरी तक्रार सेलची. ती वर्षं भारनियमनाची. शहरात सुद्धा तासन्‌तास वीज नसायची, आणि खेड्यांत तर वीज कधी येते हेच विचारायचं. त्यामुळे कुठलाही रेडिओ दाखवला की पहिला प्रश्न, "सेलवर किती चालतो?" उपग्रहाचा सिग्नल पकडून, उलगडून, त्याचा आवाज करायचा म्हणजे आत छोटा संगणकच. साध्या ट्रान्झिस्टरपेक्षा तो सेल जास्त खाणार. बेडगच्या एका पानमळेवाल्या अण्णांनी पहिल्या महिन्यातच येऊन सांगितलं, "आवाज लई ग्वाड हाय, पण सेल खातंय बघा. म्हशीला पेंड परवडंल." मी त्यांना मोटारसायकलची जुनी बॅटरी आणि मधला एक छोटा जोड करून दिला. त्यावर त्यांचा संच मळ्यात वर्षानुवर्षं चालला. मोकळं आकाश, आडोसा नाही, अँटेना एका खांबाला बांधलेली. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत त्यांच्याइतक्या भरलेल्या पट्ट्या कुणाच्याच नव्हत्या. ‘फरिश्ता’वरची जुनी हिंदी गाणी ऐकत त्यांची पानं खुडली जायची. जो रेडिओ मुंबईतल्या इमारतींच्या गर्दीत कुचंबायचा तो बेडगच्या मळ्यात राजासारखा वाजायचा. कंपनीने सुरुवातीला जे म्हटलं होतं, की जिथे दुसरं काही पोचत नाही तिथे हे पोचावं, ते मला त्या मळ्यात खरं झालेलं दिसलं. विक्रीचा सगळा जोर मात्र शहरांवर राहिला.

तिसरा मुद्दा सीडीचा, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

त्याच काळात आम्ही सीडीचे बूमबॉक्स विकत होतो. वर झाकण, दोन बाजूंना दोन स्पीकर, उचलायला दांडा, एफएम आणि कॅसेटची सोय. उपग्रह रेडिओ आणि सीडी बूमबॉक्स शेजारी शेजारी मांडलेले, आणि जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "हे दोन्ही एकात का नाही देत?" रास्त प्रश्न होता. उपग्रह रेडिओच्या बऱ्याच संचांचा स्पीकर लहान, आवाज स्वच्छ पण अंगाने बारीक. बूमबॉक्सचा आवाज भरदार, पण त्याला रोज काय वाजवायचं ते तुम्ही ठरवायचं. शेवटी मीच जोडणी करून द्यायला लागलो. रेडिओच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर काढायच्या खाचेतून, वायर काढायची आणि बूमबॉक्सच्या ऑक्स-इनमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या खाचेत, घालायची. हे दोन डबे आणि एक वायर ज्यांनी केलं ते समाधानी राहिले. वेगळा स्पीकर न लावता जे ऐकत राहिले त्यांच्यातले पुष्कळ जण वर्षाने म्हणाले, "आवाजात मजा नाही."

काहींना उपग्रह रेडिओ मुळातच पटला नाही, आणि त्यांचं म्हणणंही खरं होतं. बाजारात दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी मिळायची. "आयुष्यभर पुरंल एवढी गाणी एका तबकडीत, मग दर वर्षाला पैसे कशाला?" रेल्वेतून निवृत्त झालेले एक तात्या असं म्हणायचे. त्यांना ठरावीक तीस-चाळीस गाणी आवडायची आणि तीच ऐकायची होती. अशा माणसाला मी कधी उपग्रह रेडिओचा आग्रह केला नाही. सीडीचं दुखणं वेगळं होतं. मिरजेची धूळ लेन्सवर बसली की तबकडी अडखळायची, आणि महिन्यातून कुणी ना कुणी बूमबॉक्स पुसून घ्यायला यायचंच. पण पुसला की तो परत पहिल्यासारखा वाजायचा, आणि आजही वाजतो.

आवाजाचा खरा निवाडा केला तो सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराने. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावणाऱ्या माणसाचा कान म्हणजे काय चीज आहे हे त्याच्याशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याचा, माथा कानशीने घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा केसभर घासायचं. हे सगळं नादातले वरचे स्वर नीट फुलतात की नाही त्यासाठी. त्याला मी एकच ख्याल सीडीवर आणि उपग्रह रेडिओवर ऐकवू शकलो, कारण योगायोगाने ‘गंधर्व’वर लागलेलं ध्वनिमुद्रण माझ्याकडे सीडीवर होतं. दोन्ही एकाच बूमबॉक्समधून वाजवलं. तो डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "गायकाचा गळा दोन्हीकडे सारखाच. तंबोरा बघ. सीडीत जवारी उघडी आहे. ह्यात तार वाजते, पण वरची झाक जरा चुरगळल्यासारखी येते."

त्याला आकडे माहीत नव्हते. मला माहीत होते. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती असते. वर्ल्डस्पेसच्या पद्धतीत एका वाहिनीला १६ पासून १२८ किलोबिटपर्यंत जागा मिळायची आणि आवाज एमपीथ्रीच्या जातीच्या तंत्राने आवळलेला असायचा. आवळताना माणसाच्या कानाला फारसं कळणार नाही असं जे वाटतं ते टाकून देतात. तंबोऱ्याच्या जवारीतलं बरंचसं नेमकं तिथेच असतं, एकमेकांत मिसळलेल्या बारीक वरच्या स्वरांत. त्या कारागिराने कानाने बरोबर तीच जागा दाखवली. मी तेव्हापासून कुठल्याही नव्या यंत्राची परीक्षा तंबोऱ्यावरच करतो. ड्रम आणि बास सगळ्यांनाच बरे वाजवता येतात.

आणि तरीही वर्गणी पहिल्यांदा भरायला आलेल्यांत तो होता. मी विचारलं, आवाज पसंत नाही तर पैसे कशाला? म्हणाला, "हाताला सरस लागलेला असतो. सीडी बदलू का भोपळा धरू? आणि सीडीत मी जे विकत घेतलं तेवढंच आहे. ह्याच्यात काय येईल ते मला ठाऊक नसतं." त्याने ‘श्रुती’ ही कर्नाटक संगीताची वाहिनी ऐकायला सुरुवात केली होती, वीणेसाठी. तंजावरकडची वीणा फणसाच्या लाकडाची, तिचं काम निराळं, हे त्याला ऐकीव माहीत होतं. पण रोज दुपारी तासभर ती कानावर पडायला लागली तेव्हा तिच्या नादाबद्दल तो माझ्याशी असा बोलायचा, की जणू गल्लीत नवा कारागीर राहायला आलाय. आमच्या भागात कानडी बोलणारी घरं पुष्कळ. त्यांच्याकडे ‘श्रुती’ आणि कानडी गाण्यांची ‘स्पर्श’ वाहिनी चालायची. पण एक मराठी सतारमेकर वीणेसाठी वर्गणी भरतो, हे मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठं वाटलं.

सीडी आणि उपग्रह रेडिओ दोन्ही एकात देणारं यंत्र मी पाहिलं ते माझ्या बहिणीकडे, न्यू जर्सीत. तिथे एक्सएम ही सेवा २००१ मध्ये सुरू झाली आणि सिरियस २००२ मध्ये. पुढे जुलै २००८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. तिच्याकडे एक्सएमचा छोटा रिसीव्हर होता. तो गाडीतून काढायचा आणि घरातल्या बूमबॉक्सच्या खाचेत बसवायचा. त्याच बूमबॉक्समध्ये सीडी. एका वर्गणीत गाडी आणि घर दोन्ही. महिन्याला आधी दहा डॉलरच्या आसपास आणि २००५ पासून तेरा. मला त्या रचनेचं फार कौतुक वाटलं. आमच्या गिऱ्हाइकांनी काउंटरवर जे मागितलं होतं ते अगदी हेच.

बहिणीचं मत मात्र मी समजलो होतो त्यापेक्षा वेगळं निघालं. "उपग्रह यांच्यासाठी आणि पोरांसाठी, सीडी माझ्यासाठी." नवऱ्याला बेसबॉल आणि बातम्या, पोरांना त्यांची गाणी. मराठी वाहिनी त्या उपग्रहावर नव्हती. मग मिरजेहून नेलेल्या अभंगांच्या आणि नाट्यगीतांच्या सीड्या एका डब्यात, बूमबॉक्सच्या शेजारी. शनिवारी सकाळी ती रिसीव्हर खाचेतून काढून ठेवायची, म्हणजे मध्येच कुणी वाहिनी लावणार नाही, आणि सीडी लावायची. तिच्या ओळखीतल्या मराठी घरांतही हीच विभागणी होती. सीडीचं झाकण असलेला बूमबॉक्स तिथे नुसती जास्तीची सोय नव्हता. घरातली भाषा त्या झाकणाखाली होती.

तिथल्या खिडकीत मी सवयीने होकायंत्र धरून बघितलं. एक्सएमचे दोन उपग्रह ८५ आणि ११५ अंश पश्चिमेला, म्हणजे न्यू जर्सीतून दक्षिण ते नैर्ऋत्य. पण तिच्या बूमबॉक्सला दिशेचं फारसं सोयरसुतक नव्हतं. कारण अमेरिकेतल्या शहरांत एक्सएमने जमिनीवर शेकडो पुनःप्रक्षेपक उभे केले होते. उपग्रह आडोशाला गेला तर तेच कार्यक्रम जवळच्या मनोऱ्यावरून मिळायचे. पुलाखाली, इमारतींच्या मध्ये, चालत्या गाडीत आवाज तुटायचा नाही. भारतात उपग्रह रेडिओसाठी तसे मनोरे उभे राहिले नाहीत. म्हणून इथे तो गाडीत गेला नाही, आणि अमेरिकेत उपग्रह रेडिओ टिकला तो मुख्यतः गाडीच्या जोरावर. आमच्या गिऱ्हाइकांच्या चिंचेच्या आणि शेजाऱ्याच्या मजल्याच्या तक्रारी ऐकताना मला नेहमी वाटायचं, मिरजेत एक मनोरा असता तर अर्धी वही कोरी राहिली असती.

वही म्हणजे बसवणीची वही. कुणाच्या घरी कुठल्या खिडकीत अँटेना, किती वायर लागली, समोर काय, आणि वर्गणीच्या वेळी गिऱ्हाईक काय म्हणालं, हे मी त्यात लिहून ठेवायचो. आज ती चाळताना एक गोष्ट ठळक दिसते. आवाज कसा, सेल किती, रिमोट आहे का, हे शब्द पहिल्या भेटीच्या नोंदींत आहेत. वर्षानंतरच्या नोंदींत ते जवळजवळ नाहीतच. तिथे आहे, "पूर्ण राग लागतो, मध्ये तोडत नाहीत." "रात्री झोप येत नाही तेव्हा बरं वाटतं." "सासऱ्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी पुढचं वर्ष भरलं." आणि नकारांमध्ये, "पोरगं बारावीला आहे, बंद ठेवलाय." "ऐकणारे गेले." ही शेवटची नोंद मी जशी ऐकली तशी लिहिली होती, आणि त्या घरी संच परत आणायला गेलो नाही. तो त्यांच्याकडेच राहू दिला.

मूळ अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तरी सेवा वर्षभर चालू राहिली, आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली बंद झाली. जगभरातले तिचे बहुतेक वर्गणीदार भारतातलेच होते. पुढच्या काळाचे पैसे भरून बसलेल्या लोकांची नाराजी तेव्हा वर्तमानपत्रांतूनही आली. माझ्याकडे आलेल्यांपैकी पैशाबद्दल बोलणारे थोडे होते. बाकीच्यांनी विचारलं ते एवढंच, की आता गंधर्वसारखं दुसरं काय आहे? या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आणि दुकानदार म्हणून मला त्याचं फार वाईट वाटलं. ब्राह्मणपुरीतल्या काकूंना मी माझ्याकडच्या निवडक सीड्या नेऊन दिल्या. त्यांनी त्या ऐकल्या, परत दिल्या आणि म्हणाल्या, "छान आहेत, पण पुढे काय येणार ते ठाऊक असतं." सतारमेकरचंच वाक्य, दुसऱ्या तोंडून.

हल्ली घरं आवरताना हे संच माळ्यावरून खाली येतात. आजोबांचा रेडिओ चालू करून द्या म्हणत नातवंडं दुकानात आणतात. त्यांना सांगावं लागतं, की यंत्र ठणठणीत असलं तरी ज्याच्याकडे तोंड करून ते बसवलं होतं तिथून आता काही येत नाही. ज्या संचात एफएम आणि शॉर्टवेव्हही आहे तो रेडिओ म्हणून वापरता येतो. सेलच्या खणात पांढरी बुरशी आली असेल तर ती आधी व्हिनेगरच्या बोळ्याने पुसावी, स्प्रिंगा वाचतात. बूमबॉक्स आला तर मात्र मी आनंदाने उघडतो. पट्टा बदलायचा, लेन्स पुसायची, आणि बहुतेक वेळा काम होतं. नाट्यगीतांच्या सीड्या टाकून देऊ नका असंही सांगतो, कारण त्यातलं बरंच ध्वनिमुद्रण फोनवर आवळलेल्या रूपातच मिळतं आणि तंबोरा पुन्हा चुरगळतो.

आणि ‘गंधर्वसारखं दुसरं काय?’ या जुन्या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर आहे. आकाशवाणीने २६ जानेवारी २०१६ ला ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही, आकाशवाणीच्या संग्रहातलं, वर्गणी काही नाही. फोनवर ऐकता येते, पण फोनवर फोन येतो आणि आलाप तुटतो, ही तक्रार बेडगच्या अण्णांच्या मुलाने पहिल्याच आठवड्यात केली. म्हणून मी डीडी फ्री डिशचा, दूरदर्शनच्या मोफत छत्रीचा, मार्ग सांगतो. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे मिरजेतून आग्नेयेलाच, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांना जागा शोधावी लागत नाही. टीव्हीवर एकदा रागम लावून घ्यायचं आणि टीव्ही बंद करायचा, डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, चालू ठेवायचा. डब्याच्या मागे तीन रंगांच्या खाचा असतात. लाल आणि पांढरीतून वायर काढून बूमबॉक्सच्या ऑक्समध्ये घालायची, पिवळी सोडून द्यायची. वायर माझ्याकडे मिळते, किंवा जुन्या रेडिओची घरात पडली असेल तर तीच चालेल.